मागच्या पानावरची पेन्सिल

प्रश्न : मी प्रौढांना जर्मन शिकवते. निम्मा वर्ग नुसता बसून असतो. आळशीच म्हणायचे का?

उत्तर : मीही तसंच म्हणायचो. माझ्या वर्गातल्या एकाची वही कायम कोरी. एकदा सहज उलटली, तर मागच्या पानावर धड्यातली वाक्यं, पेन्सिलीनं, खोडून खोडून लिहिलेली. चुकायची धास्ती! ती माझ्याच लाल शाईनं वाढवलेली.

शिवाय भाषा शिकण्यामागची कारणंही वेगवेगळी असतात. गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच दोन मांडली : त्या भाषेच्या लोकांत मिसळायची ओढ आणि नोकरी-परीक्षेचा फायदा. ज्याला साहेबानं धाडलंय, तो कवितेत कसा रमेल? एकेकाला विचारा, ही भाषा बोलायचीय कुणाशी? आणि वर्गात प्रश्न टाकल्यावर उत्तराची वाट बघत मनात दहापर्यंत मोजा. जीव जातो, पण मोजा.