स्वतःचं मोबाइल होम असताना पिच फीसाठी युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं का?

हो, मिळतं. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना किंवा नोकरी गेलेल्यांना ब्रिटनचं सरकार देतं ती मदत, आणि पिच फी म्हणजे मोबाइल होम उभं असलेल्या जागेसाठी साइटमालकाला द्यायचे पैसे. तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये मोबाइल होमच्या (हलवता येण्याजोग्या तयार घरांच्या) एका पार्कवर नवराबायको राहता, घर तुमचं पण जागा साइटमालकाची, नोकरी गेली आहे आणि ‘घर स्वतःचं असेल तर घरखर्चाला मदत नाही’ असं कुणीतरी सांगितलं. मोबाइल होमच्या बाबतीत हे चूक आहे. मी इथल्या एका मोफत सल्ला केंद्रात लोकांना अर्ज भरायला मदत करतो. याच गैरसमजापायी हक्काचे पैसे सोडून बसलेली माणसं भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं.

2013 च्या युनिव्हर्सल क्रेडिट नियमावलीत भाडं म्हणून काय काय धरायचं ते दिलंय. कॅरॅव्हॅन किंवा मोबाइल होमच्या जागेचे पैसे त्यात स्पष्ट आहेत, हाउसबोट बांधून ठेवायचे पैसेसुद्धा आहेत. म्हणजे तुमची पिच फी हे भाडंच. घर घ्यायला काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र त्यात येत नाही, वीज-गॅस-पाणीही नाही. साइटमालक पाण्याचे पैसे पिच फीतच लावत असेल, तर त्याच्याकडून रकमेची फोड लेखी मागून घ्या.

घोळ होतो तो ऑनलाइन अर्जात. घर मालकीचं की भाड्याचं, अशा अर्थाचा प्रश्न आला की सरळ माणूस ‘मालकीचं’ निवडतो आणि भाड्याचा विषय तिथेच संपतो. तुम्ही जागेचे पैसे भरता, हे अर्जातच सांगा. शिवाय जर्नलमध्ये (तुमच्या ऑनलाइन खात्यातल्या निरोपांच्या जागी) साध्या शब्दांत लिहा: ‘मोबाइल होम आमचं आहे, जागा आमची नाही, जागेसाठी आम्ही दरमहा इतकी पिच फी भरतो.’ सोबत साइटमालकाशी झालेला लेखी करार आणि पिच फी वाढल्याची शेवटची नोटीस जोडा. तरीही नकार आला, तर एक महिन्याच्या आत ‘मँडेटरी रीकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागा. त्यानंतर ट्रायब्युनलचा, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपिलाचा, रस्ता आहे. फोनवर कुणी नाही म्हटलं म्हणून गप्प बसू नका, निर्णय लेखी मागा.

रकमेला तुमच्या भागातल्या लोकल हाउसिंग अलाउन्सची (त्या भागात भाड्यासाठी जास्तीत जास्त किती मदत मिळेल, त्या ठरलेल्या रकमेची) मर्यादा लागते, पण पिच फी सहसा तिच्या आतच असते. पहिले पैसे हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात. तोवर अॅडव्हान्स मिळतो, तो पुढच्या पैशांतून कापून घेतात. पिच फी थकवू नका, आधीच साइटमालकाला कळवून ठेवा.

तुमचं वय 63 आणि वहिनींचं 59, म्हणजे तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिटच लागू. दोघंही पेन्शनच्या वयाचे असते, तर कौन्सिलकडून हाउसिंग बेनिफिट, म्हणजे भाड्यासाठीची मदत, मागता आलं असतं. 15 मे 2019 पासून जोडप्यातला एकजण जरी त्या वयाखाली असला, तरी नवा अर्ज युनिव्हर्सल क्रेडिटचाच करावा लागतो.

आता आपल्या लोकांकडून हमखास राहून जाणारी गोष्ट. दोघांची मिळून शिल्लक आणि इतर मालमत्ता 16,000 पौंडांच्या वर असेल, तर काहीच मिळत नाही. राहतं मोबाइल होम यात धरत नाहीत, पण पुण्या-नाशिकात तुमच्या नावावर असलेला फ्लॅट धरतात. तो भावासोबत असेल, तर तुमच्या हिश्शाची किंमत धरतात. त्यात तुमचे वृद्ध आईवडील राहत असतील, तर सहसा सूट मिळते. विकायला काढला असेल, तर काही महिन्यांची सवलत असते. काहीही असो, अर्जात तो दाखवा. लपवलेला फ्लॅट पुढे उघडकीला आला, तर सगळे पैसे परत मागतात आणि प्रकरण फसवणुकीपर्यंत जातं.

दोघांकडे ब्रिटिश नागरिकत्व किंवा आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) असेल, तर व्हिसाची काळजी नाही. एकाच्याही व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल, तर आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा, मगच अर्जाला हात लावा.

आणि कौन्सिल टॅक्समधली (स्थानिक कौन्सिलच्या घरावरच्या करातली) सूट युनिव्हर्सल क्रेडिटसोबत आपोआप मिळत नाही. पार्कवरची घरं बहुधा सर्वांत खालच्या ए बँडमध्ये (करगटात) असतात, तरी वर्षाकाठी रक्कम बरीच होते. त्यासाठी कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तो याच आठवड्यात करून टाका.