टेलर : खेळाडू की कारागीर?

प्रश्न : लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फच्या मैदानावर जे. एच. टेलर या जुन्या इंग्रज खेळाडूचे नाव ऐकले. ते खेळाडू होते की गोल्फच्या काठ्या बनवणारे कारागीर?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : ते दोन्ही होते. त्या काळी क्लबच्या नोकरीतील व्यावसायिक खेळाडूने सभासदांना खेळ शिकवावा आणि काठ्या घडवून, दुरुस्त करून विकाव्यात, अशीच रीत होती. १८७१ मध्ये डेव्हनमधील नॉर्थम येथे जन्मलेल्या टेलर यांनी लहानपणी वेस्टवर्ड हो येथील मैदानावर इतरांच्या काठ्या वाहिल्या. पुढे १८९४ मध्ये सँडविच येथे त्यांनी ‘ओपन’ ही ब्रिटनमधील गोल्फची मानाची स्पर्धा जिंकली आणि १९१३ पर्यंत ती एकूण पाच वेळा मिळवली. जॉर्ज कॅन यांच्या भागीदारीतील ‘कॅन अँड टेलर’ या काठ्या बनवणाऱ्या कंपनीच्या काठ्यांचे दांडे हिकरी या चिवट अमेरिकी लाकडाचे असत; प्रत्येक दांड्याची लवचीकता वेगळी असल्याने तो हाताने तासून जुळवावा लागे, आणि हे कसब आम्हांला विजेतेपदांइतकेच मोलाचे वाटते. क्लबगृहात ज्यांना सहसा प्रवेशही नसे, त्या व्यावसायिकांची संघटना १९०१ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद टेलर यांच्याकडेच आले.