साखर तोडली की गाठ उपाशी मरते का?

प्रश्न : पेट स्कॅनच्या वेळी आईला ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं आणि नेमकी गाठच उजळली. म्हणजे कॅन्सर साखरेवरच जगतो ना? आम्ही तिची साखर आणि सगळे पिष्टमय पदार्थ बंद केलेत. दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलंय.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण काळजी त्याचीच आहे. आजारानेही वजन उतरतं, पण त्यात उपासमारीची भर घालू नका. स्नायू झिजले की केमो सोसत नाही, डोस कमी करावे लागतात. तिचं वजन किती उतरलंय आणि काय काय बंद केलंय, हे या आठवड्यातच तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता उजळण्याचं. इंजेक्शनात असते ती ग्लुकोजची नक्कल, तिला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. पेशी फसते, तिला आत ओढून घेते, एक फॉस्फेटही चिकटवते. पुढची पायरी मात्र जमत नाही आणि ती नक्कल तिथेच अडकून बसते. जी पेशी जास्त ओढते, ती जास्त चमकते. आईच्या त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लख्ख दिसला असेल, बघा.

गाठीची ही हाव ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मोजली होती. प्राणवायू मुबलक असूनही गाठीच्या पेशी ग्लुकोज अर्धवट तोडून त्याचं लॅक्टेट करत होत्या. एका ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) हाती लागतात, पुरतं जाळलं तर ३० च्या आसपास. या पेशींचे मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, बिघडले असावेत, असा त्याने निष्कर्ष काढला आणि तिथे तो चुकला. बहुतेक गाठींत ते चालू असतात. मग ही उधळपट्टी कशासाठी? दोन होऊ पाहणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही. नव्या आवरणासाठी स्निग्धाम्लं लागतात, नव्या डीएनएसाठी न्यूक्लिओटाइड, म्हणजे त्याच्या विटा, लागतात, आणि तो कच्चा माल ग्लुकोजच्या याच तुकड्यांतून उभा राहतो.

ताटातली साखर काढली तरी रक्तातली संपत नाही. यकृत ती तयार करतं, प्रसंगी आईच्याच स्नायूंमधल्या प्रथिनांपासून. शिवाय गाठ ग्लुटामिन या अमिनो आम्लावरही भागवते, चरबीवरही.

प्रश्न : मग डायबेटिस, लठ्ठपणा आणि कॅन्सर यांचा संबंध जोडतात तो उगाच? डायबेटिसची मेटफॉर्मिन ही गोळी घेतली तर गाठ आटोक्यात राहते असं ऐकलं. मला डायबेटिस नाही, तरी सुरू करू का?

संबंध खरा आहे, पण साखरेपेक्षा इन्सुलिनमार्फत. इंधन वेगळं आणि हुकूम वेगळा. इन्सुलिन पेशीला ‘साखर घे’ एवढंच सांगत नाही, ‘वाढ’ असंही सांगतं. पोटावरच्या चरबीबरोबर इन्सुलिनची पातळी वर्षानुवर्षं चढी राहते आणि हा हुकूम सुटतच राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कॅन्सरांशी जादा वजनाचा संबंध मान्य केला.

मेटफॉर्मिनवर आम्हा डॉक्टरांचीही आशा होती. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, पण डायबेटिस नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला : आजार उलटण्याच्या प्रमाणात फरक नाही. तेव्हा, नको.

प्रश्न : माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली. स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट ‘ईआर पॉझिटिव्ह’ आला आणि पाच वर्षं लेट्रोझोल घ्यायला सांगितली. अंडाशय थंडावलेत, मग इस्ट्रोजेन येतं कुठून?

चरबीतून. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरुषी हार्मोन थोड्या प्रमाणात सोडत असतात आणि चरबीतलं अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम त्यांचं इस्ट्रोजेन करतं. लेट्रोझोल हेच एन्झाइम बंद पाडते. ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे तुमच्या गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, त्याचा निरोप झेलणारी प्रथिनं, आहेत; त्या त्याचा हुकूम ऐकतात. रिसेप्टर नसते तर ही गोळी मी सुचवलीच नसती.

या उपचाराची सुरुवात मला फार आवडते. व्यालेल्या गाईचे अंडाशय काढले की ती जास्त काळ दूध देते, हे ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांना ठाऊक होतं. म्हणजे अंडाशयांची सत्ता थेट स्तनावर चालते! १८९६ मध्ये त्यांनी स्तनाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये अंडाशय काढून गाठी विरघळल्याचं प्रसिद्ध केलं. ‘हार्मोन’ हा शब्दच मुळी १९०५ चा.

सांधे आखडतील, विशेषतः सकाळी बोटं. हाडं विरळ होऊ शकतात, म्हणून घनता तपासून घ्या. त्रास असह्य झाला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. परस्पर बंद करू नका. पुष्कळ बायका नेमकं तेच करतात आणि तपासणीला आल्या की ‘घेते’ म्हणतात.

प्रश्न : यजमानांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरलाय. टेस्टोस्टेरॉन कमी करणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन ठरलं होतं, पण आधी दुसऱ्याच गोळ्या सुरू केल्या. चूक तर झाली नाही?

नाही, अगदी बरोबर झालं. हे इंजेक्शन आधी उलटं वागतं : पहिला आठवडा-दीड आठवडा टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग तीन-चार आठवड्यांत तळाला जातं. मणक्यात गाठ असताना तेवढी उसळीही मज्जारज्जूवर दाब आणू शकते. गोळ्या टेस्टोस्टेरॉनचे रिसेप्टर अडवून धरतात, म्हणून हुकूम सुटला तरी पोचत नाही. इंजेक्शननंतर पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.