रोगांच्या जीवशास्त्रात पीएचडी करणारे विद्यार्थी नेमके कशावर काम करतात?

रोगांच्या जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांना कोणत्या विषयांत रस असतो, आणि प्रवेश अर्जात 'संशोधनाची आवड' या रकान्यात 'कर्करोग' किंवा 'मलेरिया' एवढे लिहिले तर पुरते का, असे तुम्ही विचारले आहे. माझी पीएचडी क्षयरोगाच्या जंतूवर झाली, त्यामुळे बहुतेक उदाहरणे त्याच कामातली देते.

एवढे लिहिणे पुरत नाही. मीही अर्जात 'क्षयरोग' हा एकच शब्द लिहिला होता. मुलाखतीत मला विचारले गेले, "क्षयरोगातले काय?" नवी औषधे शोधायची आहेत, असे मी म्हणाले. त्यावर पुढचा प्रश्न आला: "जंतू मारणारी औषधे आहेतच, मग ती सहा महिने का घ्यावी लागतात?" मला उत्तर देता आले नाही, पण माझा प्रबंध पुढे याच प्रश्नावर उभा राहिला.

हा जंतू फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींच्या पोटात शिरतो. गिळलेल्या जंतूला पाचक रसांच्या पिशवीकडे नेऊन नष्ट करणे हे खरे तर या पेशींचे काम, पण जंतू तो प्रवासच अडवतो आणि तिथेच मुक्काम करतो. त्यांतले काही जंतू आपली वाढ मंदावतात, आणि अनेक औषधे वाढत्या जंतूच्या आतल्या क्रियांवरच घाव घालत असल्यामुळे, जनुकांत कोणताही बदल न होताही हे सुस्त जंतू औषधाच्या माऱ्यातून वाचतात. वाढ मंदावण्याचा इशारा त्यांना कशातून मिळतो, हे मी शोधत होते. त्याच प्रयोगशाळेत एक सहकारी जंतूच्या मेणचट भित्तिकेवर काम करत होता, दुसरी पेशीतले कोलेस्टेरॉल जंतू अन्न म्हणून कसे वापरतो ते पाहत होती, तर तिसरा रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंच्या जनुकसंचात औषधरोधाची उत्परिवर्तने शोधत होता. रोग एकच असला तरी आम्ही वाचत असलेले शोधनिबंध आणि वापरत असलेली उपकरणे बरीच वेगळी होती.

आवड ठरवताना जीवाची गतीही विचारात घ्यावी लागते, आणि याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पोषक माध्यमात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे २० तास लागतात आणि त्याची वसाहत डोळ्यांना दिसायला तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. एकदा माझ्या संवर्धनात बुरशी शिरली आणि दोन महिन्यांचे काम वाया गेले.

प्रश्न रोगाच्या नावापेक्षा किती दूर नेऊ शकतो, हे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या इतिहासात मला सर्वांत स्पष्ट दिसते. या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या प्रकारे सरकते, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. फरक एकाच अमिनो आम्लाचा, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी आलेल्या व्हॅलिनचा आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५०च्या दशकात सिद्ध केले. कारण इतके नेमके कळूनही जनुकसंपादनावर आधारलेला पहिला उपचार मंजूर व्हायला २०२३ उजाडले, आणि तो उपचार मूळ चूक दुरुस्त करतच नाही. जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन बनणे का थांबते, हा वरवर पाहता रोगाशी संबंध नसलेला प्रश्न काही संशोधकांनी लावून धरला. त्यातून बीसीएल११ए हे प्रथिन त्या हिमोग्लोबिनच्या निर्मितीला आवर घालते हे उलगडले, आणि रक्ताच्या मूळपेशींत तोच आवर सैल करून, म्हणजे गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू देऊन, हा उपचार साधला जातो.

याशिवाय प्रश्न कोणत्या प्रतिरूपात, म्हणजे माणसाऐवजी कोणत्या प्राण्यात किंवा पेशींत तपासणार, हेही ठरवावे लागते. क्षयरोगात माणसाच्या फुफ्फुसात दिसणाऱ्या, मध्यभागी पनीरासारखा मृत भाग असलेल्या गाठी प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांत तशा तयार होत नाहीत. म्हणून काही गट झेब्राफिश माशाच्या पारदर्शक पिलांत क्षयाच्या जंतूचा जवळचा नातलग सोडतात आणि गाठ बनताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी संसर्गाकडे कशा धावतात, हे त्यात उत्तम कळते. मात्र पिलांना फुफ्फुसेच नसतात, त्यामुळे फुफ्फुसाविषयीचे निष्कर्ष त्यातून जपूनच काढावे लागतात.

तेव्हा अर्जात रोग, त्यातली न उलगडलेली एक गोष्ट आणि ती तपासण्याचा मार्ग, असे तिन्ही येऊ द्या. 'मलेरियात रस आहे' याऐवजी 'मलेरियाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावरची आपली प्रथिने बदलून प्रतिकारशक्तीला चकवतो. एका वेळी एकच जनुक चालू आणि बाकीची बंद कशी ठेवली जातात, हे मला पेशीसंवर्धनात अभ्यासायचे आहे' असे लिहिले, तर मुलाखत घेणाऱ्यांना तुम्हाला पुढचा प्रश्न विचारता येईल, आणि कोणत्या मार्गदर्शकाकडे जावे हेही तुम्हाला त्याच वाक्यातून कळेल. पुढे प्रश्न बदलला तरी हरकत नाही. माझाही दुसऱ्या वर्षी बदलला होता.