गाडीवाल्यांचे प्रश्न: ऑक्टाव्हियाले इनोवाचे टायर चालतात का?

प्रश्न : माह्याकडे 2008 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, डिझेल, नागपुरातून जुनी घेतली. इंजिन अजून एक नंबर आहे. टायरचे गट्टू (रस्त्याले टेकणारी नक्षी) बरे दिसतात पण कडेला बारीक बारीक भेगा पडल्या अन् मागून घूं घूं आवाज येऊन राहिला. इथला टायरवाला म्हणते जुन्या इनोवाचे टायर टाकून घ्या, गाडी उंच होते, पांदणीत घासत नाही. भाचा पुण्याले असते, तो म्हणते युरोपियन गाडीले युरोपियन कंपनीचेच टायर पाह्यजे. कोणाचं ऐकू? अन् चारही बदलू का दोनच?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, दोघांचंही ऐकू नका. म्हणजे टायरवाला अगदीच चुकीचं सांगून राहिला असं नाही, पण त्याच्याकडे जे पडलेलं आहे तेच तो सांगणार ना.

आधी साइज बघू. तुमच्या ऑक्टाव्हियाचा कंपनीचा साइज 195/65 आर 15, आणि जुन्या इनोवाचा 205/65 आर 15. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिम किती इंची ते. रिम दोघांचीही पंधरा इंची, म्हणून टायर चढतो आणि टायरवाल्याला वाटतं झालं काम. आता हिशेब करा. तुमच्या टायरची पूर्ण उंची येते साधारण 634 मिलिमीटर आणि इनोवाच्या टायरची 647, म्हणजे फरक 13 चा, पण गाडी उंच होते त्याच्या निम्मीच, साडेसहा मिलिमीटर! पांदणीतला दगड काही साडेसहा मिलिमीटरनं चुकत नाही. उलट मागे तीन माणसं, डिक्कीत सोयाबीनचं पोतं आणि वरून खड्डा, अशा वेळी रुंद आणि उंच टायर आतल्या प्लास्टिकला घासायची शक्यता वाढते, आणि स्पीडोमीटर 100 दाखवत असेल तेव्हा गाडी खरी 102 च्या आसपास असते. शिवाय जास्त वजनाचा टायर फिरवायला पिकअप आणि अॅव्हरेज थोडं खातंच. लोडमध्ये मात्र इनोवाचा टायर कमी नाही हे खरं, कडेवरच्या लोड नंबरात तो 94 म्हणजे एका टायरला 670 किलोचा, तुमचा 91 म्हणजे 615 किलोचा. पण तेवढ्यासाठी साइज बदलायचं कारण नाही. 195/65 आर 15 काही दुर्मिळ साइज नाही, जुन्या कोरोला अल्टिसलाही हाच लागतो, वर्ध्यात नाही मिळाला तर नागपुरात मिळेलच. आणि कोणी सोळा-सतरा इंची अलॉय गळ्यात मारत असेल तर तिकडे बघूच नका, टायरची कड बारीक झाली की आपल्या रस्त्यांवर रिमच वाकते.

आता भाच्याचं. गाडी युरोपची म्हणून टायर युरोपचा, हे आपल्याकडे लय लोकांच्या डोक्यात बसलंय. टायरला गाडीचा पासपोर्ट माहीत नसतो हो. त्याला साइज, लोड, स्पीड आणि हवा एवढंच कळतं. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, यातलं काहीही या गाडीला चालतं. जून 2020 पासून सरकारनं बाहेरून येणाऱ्या टायरवर बंधनं घातलीत, म्हणून अमुकच परदेशी मॉडेल पाह्यजे म्हटलं की वाट बघत बसावं लागतं, नाहीतर दुकानदार मागल्या कोपऱ्यातला कित्येक वर्षांचा माल पुसून काढतो. आणि वावराच्या रस्त्यानं पऱ्हाटीचं खुंट कडेत घुसलं तर तो टायर गेलाच, कडेचं पंक्चर कोणी काढतो म्हटलं तरी काढू देऊ नका. अशा वेळी जोडीचा दुसरा टायर दोन दिवसांत हाती येणं हे मला कंपनीच्या नावापेक्षा मोठं वाटतं.

दुकानात गेलं की टायरच्या कडेवर डीओटी (DOT) ही इंग्रजी अक्षरं शोधा, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 1115 असेल तर 2015 सालचा अकरावा आठवडा. तुमच्या गाडीवरचे आकडेही बघून घ्या, गट्टू शिल्लक आणि कडेला भेगा म्हणजे टायर घासून गेला नाही, वय होऊन गेला, सेकंडहँड गाड्यांत हे नेहमीचं. कधी आकडे एकाच बाजूला असतात, ती बाजू आत असली तर गाडीखाली वाकून बघायचं. भेगा चारही टायरवर असतील तर चारही बदला, यात काटकसर नको, कारण आर्वीजवळूनच समृद्धी महामार्ग जातो आणि तिथं ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, मे महिन्यात तापलेल्या सिमेंटवर असला टायर फुटला तर गाडी सांभाळत नाही. स्टेपनी पण बघा, ती बहुतेक गाडीसोबत आलेलीच असेल.

आणि तो घूं घूं. मेकॅनिक लगेच बेअरिंग म्हणेल. पैसे द्यायच्या आधी मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, आधी एका दिशेनं मग उलट. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर आवाज टायरचाच. मागचे टायर पुढे घाला, आवाजही पुढे आला तर नक्की. हवा कमी ठेवून चालवलं, शॉकअप बसले किंवा मागच्या बीमचे (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) रबरी बुश गेले की असं होतं, ते न बघता नवीन टायर टाकले तर काही महिन्यांत तेही तसेच होतील. अलाइनमेंट चारही चाकांची करा, नुसती पुढची नाही.

एक राहिलं. या गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याला, चाक अडकवायचे बाहेर आलेले स्टड नसतात, बोल्ट बाहेरून आत जातात, त्यामुळे चाक बसवताना पंक्चरवाला वैतागतो आणि मग पान्यावर उभा राहून आवळतो. त्याला 120 न्यूटन-मीटर एवढंच आवळायला सांगा, टॉर्क पाना (आवळायचा जोर मोजणारा पाना) असलेल्या दुकानातच काम करा.

प्रश्न : माझी 2012 ची पोलो आहे. बजेट दोनच टायरचं आहे. दुकानदार पुढे लावतो म्हणतो, कारण ओढणारी चाकं पुढची. बरोबर आहे का?
– एक वाचक भगिनी, पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही ताई, नवीन जोडी मागे लावायला सांगा आणि मागचे चांगले असतील ते पुढे. पावसात पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं होतं, तुम्हाला कळतं, पाय आपोआप वर येतो. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. जुन्यांचे गट्टू 1.6 मिलिमीटरवर आले असतील, म्हणजे खाचेतल्या छोट्या उंचवट्याला टेकले असतील, तर मात्र दोनमध्ये भागणार नाही.

प्रश्न : चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का? नायट्रोजन भरू का?
– एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : हवा कमी ठेवली की टायरची कड जास्त दबते आणि अजूनच तापते, फुटतात ते असेच. स्कोडा-फोक्सवॅगन असेल तर पेट्रोल-डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता असतो, कमी वजनाला वेगळा आणि फुल गाडीला वेगळा, 2.2 बार लिहिलं असेल तर 32 पीएसआय समजा. सकाळी गाडी थंड असताना भरा. दुपारी पंपावर काटा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही, तापल्यावर तो वाढणारच. नायट्रोजन फुकट देत असतील तर घ्या, साध्या हवेत तो तसाही 78 टक्के असतो.