स्टार्टअपमधले लाडके आणि बाकीचे आपण: तक्रार करू की पेपर टाकू?

तुझी पोस्ट नीट वाचली. मरोळच्या फिनटेक स्टार्टअपमध्ये दोन वर्षं होत आली, पेमेंटचं अख्खं मॉड्यूल तू उभं केलंस, तरी अप्रेझलला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' आणि चणेफुटाणे हाईक, आणि तुझ्यानंतर जॉइन झालेला, फाउंडरबरोबर रविवारी टर्फवर फुटबॉल खेळणारा मुलगा आता तुझा लीड. वर रात्री अकराला कॉल, बोललीस तर 'ओनरशिप कमी आहे', एचआरचं 'आपण फॅमिली आहोत', आणि घरी बाबा म्हणतायत लोन चालू आहे, उगाच डोकं फिरवून घेऊ नकोस. तुझा प्रश्न एवढाच की एचआरकडे लेखी तक्रार करू की सरळ पेपर टाकू, म्हणजे राजीनामा देऊ.

दोन्ही आत्ता नको. का ते सांगते, लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

मी टेस्टिंगमधून वर आलेली बाई. मुंबईतली स्टार्टअप्स आतून बघितलीत, आता एका मोठ्या कंपनीत टीम सांभाळते, म्हणजे अप्रेझल देणाऱ्यांच्या बाजूलाही बसते. त्यामुळे पहिलं थोडं कडू सांगते, फाउंडरचा जुन्या लोकांवर जास्त विश्वास असणं म्हणजे लगेच फेव्हरिटिझम नाही. पगार वेळेवर नव्हता तेव्हा जे चार जण लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी बसले त्यांना तो जवळचं मानणारच, आणि त्यात फार चुकीचं काही नाही. कोणाला बढती मिळाली एवढ्यावरून कंपनी सडलीय का हे कळत नाही. ते कळतं चूक झाल्यावर. चूक कोणाच्या नावावर चढते ते बघ.

माझ्या डोळ्यासमोरचा प्रकार सांगते, अंधेरी ईस्टची कंपनी, नाव राहू दे. शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या एका लाडक्याने रिव्ह्यू न घेता, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून न तपासता, कोड थेट चालू सिस्टीममध्ये मर्ज केला, कारण त्याला अॅडमिन राइट्स होते आणि त्याला विचारणार कोण. रात्री काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. गंमत म्हणजे हीच गोष्ट माझ्या टीममधल्या एका मुलीने आधीच तिकीट टाकून कळवली होती, की पेमेंट गेटवेकडून उत्तर यायला उशीर झाला की आपला रीट्राय, म्हणजे सिस्टीमने आपोआप केलेला पुन्हा प्रयत्न, दुसऱ्यांदा पैसे कापतो, आणि ते तिकीट 'वोन्ट फिक्स' (दुरुस्त करणार नाही) असा शेरा मारून बंद केलेलं होतं. सोमवारी आरसीए, म्हणजे घोळ का झाला याचा रिपोर्ट आला. पहिल्या मसुद्यात कारण लिहिलं होतं 'रिव्ह्यू झाला नाही'. दुपारपर्यंत ती ओळ जाऊन तिथे 'टेस्ट कव्हरेज अपुरं' असं आलं, म्हणजे दोष टेस्टिंगवर. डॉक्युमेंटच्या व्हर्जन हिस्टरीत दोन्ही ओळी एकाखाली एक दिसत होत्या, कोणी बदलली तेही दिसत होतं. आणि त्याच दिवशी स्लॅकवर लाडक्याला टाळ्या, काय तर वीकेंडभर जागून इश्यू सोडवला. आग लावणाराच बंब घेऊन आला आणि सत्कारही त्याचाच. त्या मुलीच्या अप्रेझलमध्ये मात्र 'अटेन्शन टू डिटेल' खाली शेरा.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. आता हे तुझ्याकडे लावून बघ. गेल्या वर्षभरात मोठा घोळ झाला तेव्हा रिपोर्टमध्ये कोणाचं नाव आलं? त्या लीडच्या हातून काही फुटलं तर 'लर्निंग' आणि तुझ्या हातून फुटलं तर 'ओनरशिप नाही' असं होत असेल तर तिथे मन लावून आणखी काम केल्याने काहीही बदलणार नाही, हे आजच मनाशी पक्कं कर. तसं नसेल, चुकीचा हिशेब सगळ्यांना सारखा असेल आणि फक्त बढतीत डावललं असेल, तर एकदा थेट फाउंडरशी बोलायला जागा आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे जी पुरुष मंडळींना पटकन दिसत नाही. निर्णय मीटिंगमध्ये होतच नसतात. ते खाली टपरीवर सुट्टा ब्रेकमध्ये होतात, टर्फवर होतात, शुक्रवारी रात्री कोणाच्यातरी पवईच्या फ्लॅटवर होतात, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये फक्त वाचून दाखवले जातात. तू घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडायच्या घाईत, तू त्या फ्लॅटवर कशी असणार? कोणी मुद्दाम तुला बाहेर ठेवायचं ठरवलेलं नसतंही, पण निकाल तोच. म्हणून लोक सांगतात ना, जरा सोशल हो, त्यांच्यात मिसळ, ते मला अजिबात पटत नाही. मस्का मारून मिळालेली जागा दुसरा जास्त मस्का मारणारा येईपर्यंतच टिकते.

आता एचआर. एचआरची माणसं वाईट असतात असं नाही, पण त्यांचा पगार फाउंडर देतो. २०१७ साली सुझन फाउलर या इंजिनिअर बाईने उबरमधल्या अनुभवावर जे लिहिलं ते शोधून वाच. मॅनेजरच्या लैंगिक छळाची तक्रार स्क्रीनशॉटसकट दिली तरी एचआरने सांगितलं की त्याची ही पहिलीच वेळ आहे आणि तो हाय परफॉर्मर आहे, आणि पुढे कळलं की आधीही बायकांनी त्याच्याबद्दल तक्रारी केल्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीत हे, तर आपल्याकडे तीस-चाळीस जणांच्या ऑफिसात एचआर म्हणजे बहुतेक वेळा एकच मुलगी, जी ऑफर लेटरपण काढते आणि दिवाळीचे डबेपण मागवते. ती फाउंडरला काय सांगणार?

शिवाय कायद्याचं बघ. खाजगी कंपनीत नुसता फेव्हरिटिझम हा आपल्याकडे गुन्हा नाही, 'तो लाडका आहे' म्हणून कामगार आयुक्तांकडे गेलीस तर तिथला माणूसही काही करू शकणार नाही. पण त्याच्या आजूबाजूला ज्या गोष्टी घडतात त्यातल्या काही कायद्यात बसतात, तक्रार करायची तर त्यांची कर. तोच हुद्दा, तेच काम आणि पुरुषाला जास्त पगार असेल तर वेतन संहितेत लिंगावरून पगारात भेदभावाला बंदी आहे (सिद्ध करणं कठीण, कारण पगार कोण सांगतो). कोणी अंगचटीला येणं, घाणेरडे मेसेज, असलं काही असेल तर २०१३ च्या पॉश कायद्याखाली (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) दहा किंवा जास्त लोक असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच लागते आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. रात्रीच्या डेप्लॉयमेंटला, म्हणजे नवा कोड चालू करायला, थांबवत असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात बायकांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर संमती आणि घरी सोडायची सोय हवी असं आहे. रात्री बारा वाजता 'ओला करून जा, नंतर बिल टाक' याला मी तरी सोय म्हणणार नाही.

आणि पीएफ. हे आजच्या आज बघ. टॉक्सिक कंपनी पैशात स्वच्छ असेलच असं नाही. पगारातून पीएफ कापतात आणि भरतच नाहीत असे प्रकार होतात. भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते, पासबुकमध्ये महिन्यामहिन्याची एन्ट्री दिसते का ते बघ, आणि टीडीएससाठी २६एएस (तुझ्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचं स्टेटमेंट) उघडून तुझ्या स्लिपशी जुळवून बघ. इथे गडबड निघाली तर मात्र तक्रार करायला हात भक्कम, ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) पोर्टलवर ऑनलाइन करता येते.

पुरावे ठेव असं सगळेच सांगतात, पण कसे ते कोणी सांगत नाही आणि मग लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात. ऑफिसचे मेल, कोड, ग्राहकांचा डेटा असलेले स्क्रीनशॉट स्वतःच्या जीमेलवर पाठवू नकोस. तेच मेल उद्या डेटाचोरी म्हणून तुझ्या अंगावर येतील आणि मूळ विषय राहील बाजूला. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलचं पत्र, ईसॉपचं (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायच्या हक्काचं) ग्रँट लेटर ही तुझी कागदपत्रं, ती घरी ठेव. बाकी घटना स्वतःच्या शब्दांत एका वहीत, तारीख, कोण होतं, काय म्हणाले. आणि तोंडी सांगितलेलं प्रत्येक काम लगेच एका ओळीच्या मेसेजने पक्कं करायची सवय लाव, 'आत्ता बोलल्याप्रमाणे रिव्ह्यूशिवाय रिलीज करतोय, बरोबर ना?' इतकंच. अर्ध्या वेळा समोरचा तिथेच मागे येतो, कारण लेखी कोणालाच नको असतं.

लिंक्डइनवर नावानिशी लांब पोस्ट टाकायची खाज येईल, ती दाब. चार दिवस वाहवा मिळते, मग वकिलाची नोटीस येते.

पेपर आत्ता का नको? कारण तुझ्या पोस्टमध्ये ईसॉपचा उल्लेख आहे आणि त्याबद्दल तू फक्त 'बरेच मिळालेत' एवढंच लिहिलंयस. बरेच म्हणजे काय? आपल्याकडे ग्रँट (ईसॉप देऊ करणं) आणि व्हेस्टिंग (शेअर घ्यायचा हक्क पक्का होणं) यांच्यात निदान एक वर्षाचं अंतर कायद्यानेच आहे, पुढे बहुतेक ठिकाणी चार वर्षांत थोडे थोडे व्हेस्ट होतात. पण नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेलेसुद्धा किती दिवसांत एक्सरसाइज करायचे, म्हणजे प्रत्यक्ष विकत घ्यायचे, हे प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, पुष्कळ ठिकाणी तीनच महिने. आणि एक्सरसाइज म्हणजे पैसे भरायचे. समज तुझा ठरलेला भाव १० रुपये आणि त्या दिवशीचं मूल्यांकन ५०० रुपये, तर एका शेअरमागे ४९० रुपये तुझं पगारातलं उत्पन्न धरलं जातं. हजार शेअर घेतलेस तर १० हजार कंपनीला आणि वर ४ लाख ९० हजारांवर टॅक्स, तीस टक्क्यांत असशील तर जवळजवळ दीड लाख, आणि शेअर विकायला बाजारात गिऱ्हाईक नाही. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपमध्ये हा टॅक्स पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की ती सवलतही संपते. म्हणून ईसॉपसाठी नरकात थांबू नकोस, फक्त व्हेस्टिंगची पुढची तारीख पंधरा दिवसांवर असेल तर सोळाव्या दिवशी राजीनामा दे.

नोटीस पिरियड ९० दिवस म्हणालीस. घाबरू नकोस, कोर्ट कोणाला जबरदस्तीने कामावर बसवत नाही, उरलेल्या दिवसांचे पैसे कॉन्ट्रॅक्टप्रमाणे मागतील आणि नवीन कंपनी बऱ्याचदा ते पैसे (बायआउट) देते. सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही हे जे कलम सही करून घेतात ते करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, गुपितं मात्र गुपितंच ठेवायची. ट्रेनिंगचा बाँड वेगळा, तो असेल तर वकिलाला दाखव. खरी अडवणूक करतात ती रिलीव्हिंग लेटरवर आणि फुल अँड फायनलवर, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या पैशांवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असं आहे, 'आमची पॉलिसी ४५ दिवस' म्हणाले तर मेलवर शांतपणे हे लिही.

मध्येच पीआयपी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवायचा कागद, हातात दिला तर समज की कागद तयार करतायत. तरी चिडून तिथल्या तिथे सही करू नकोस, काय मोजणार आणि कोण मोजणार हे लेखी माग. 'आजच रिझाइन कर नाहीतर टर्मिनेट करतो' म्हणाले तर 'घरी विचारून उद्या कळवते' म्हणायचं आणि बाहेर पडून जे बोलणं झालं ते मेल करून टाकायचं.

बाबांना हे सांग की नोकरी सोडत नाहीये, बदलतेय, आणि हातात ऑफर आल्याशिवाय पेपर टाकणार नाही. त्यांचं लोनचं म्हणणं चुकीचं नाही. मुलाखतीत का सोडतेस विचारलं तर लाडक्याचं रडगाणं नको, पेमेंटच्या रीट्रायचं, सेटलमेंटचं जे काम केलंस ते बारकाईने सांग, त्या कामाला मुंबईत गिऱ्हाईक आहे, बीकेसीपासून ऐरोलीपर्यंत. आणि शेवटच्या राउंडला तूच विचार की तुमच्याकडे मागच्या वेळी सिस्टीम पडली तेव्हा काय झालं होतं, आरसीए कोण लिहितं. समोरचा माणूस नावं न घेता नीट सांगत बसला तर जा. हसून विषय बदलला तर पुढची मुलाखत बघ.