यादीतले पुरस्कार खोड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी काढलेली युद्धकाळातल्या गाण्यांची यादी मिळाली. मेहनत दिसते. पण गाणी तू पुरस्कार पाहून निवडलीस, तिथंच घोडं अडलं. लढाईच्या दिवसांत लोकांच्या तोंडी जे बसतं, ते बक्षिसांच्या वहीत सापडेलच असं नाही.

१९४३ चा 'किस्मत' घे. 'दूर हटो ऐ दुनियावालों' तू गाळलंस, का तर पुरस्कार नाही. अरे, फिल्मफेअरच मुळी १९५४ ला सुरू झालं! निवेदनात सांगायची ती कवी प्रदीपांची चलाखी. बाहेर महायुद्ध, घरात 'चले जाव'. त्यांनी कडव्यात 'जर्मन हो या जापानी' घातलं, इंग्रजांच्याच शत्रूंना दम दिल्यासारखं दाखवलं आणि गाणं सेन्सॉरमधून सहीसलामत काढलं. थेटरात बसलेल्याला मात्र 'दूर हटो' कोणाला म्हटलंय ते बरोबर कळत होतं. आदल्याच ऑगस्टात आपलं चिमूर पेटलं होतं आणि 'झाड झडूले शस्त्र बनेंगे' गाणारे तुकडोजी महाराज तुरुंगात गेले होते. सिनेमातलं नसलं तरी ते भजन खंजिरीवर आधी घेच. म्हातारी माणसं आपोआप ठेका धरतील.

'ऐ मेरे वतन के लोगों'पुढचं 'पुरस्कारप्राप्त चित्रपटगीत' खोड. ते सिनेमातलं गाणंच नव्हे. चीनच्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ ला, लता मंगेशकरांनी ते दिल्लीत नेहरूंसमोर गायलं. शब्द पुन्हा प्रदीपांचेच. चाल सी. रामचंद्रांची, आणि हा माणूस नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेला. एवढं सांग, मंडपातली कुजबुज थांबते की नाही बघ. 'हकीकत'मधलं 'कर चले हम फिदा' घे. त्यालाही फिल्मफेअर नाही, पण गावोगावच्या भोंग्यांनी ते सोडलं नाही.

'मेरे देश की धरती'ला पुरस्कार मिळाले, हे खरं. महेंद्र कपूर यांना राष्ट्रीय, गुलशन बावरा यांना फिल्मफेअर. पण ते गाणं ज्यात आहे तो 'उपकार' आला १९६७ ला, पाकिस्तानशी लढाई होऊन दोन वर्षांनी. तेव्हा प्रत्येक गाण्यापुढे लढाईचं साल आणि गाण्याचं साल, दोन्ही लिही.

ऑस्करचा परिच्छेद मात्र गाळ. महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे बाहुल्या प्लास्टरच्या वाटल्या, हे मलाही वाचायला आवडलं. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर लिहिलेलं आणि नंतर सिनेमात घातलेलं गाणं १९४१ चं बक्षीस घेऊन गेलं, मग सिनेमासाठीच लिहिलेलं गाणं हवं असा नियम झाला, हेही. पण थंडीत सतरंजीवर बसलेल्या माणसाला ते कशाला? ते तुझ्या वहीत राहू दे.

आणि महेंद्र कपूर गाणारा तुझा दोस्त सुरुवातीच्या लांब तानेलाच दमतो. त्याला पट्टी खाली घ्यायला सांग, आणि हार्मोनियमवाल्याला आधीच कळव.

तुझा,
गुरुजी